वीस जागांची यादी

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी सरकारने आमच्या शाळेला जादा निधी द्यायचं ठरवलं. कारण एकच, आमची शाळा तालुक्यातल्या सगळ्यात मागे पडलेल्या शाळांपैकी होती. दिंद्रुडपासून आत, डांबर संपतं त्याच्याही पुढे असलेली जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. एका खोलीचे पत्रे वावटळीने नेलेले, म्हणून तिसरी-चौथीचा वर्ग गावातल्या दूध संस्थेच्या खोलीत भरायचा. संस्थेला खोलीचं काही काम नव्हतं. गुरं चारा छावणीवर होती आणि दूध घालायला येणारं कुणी राहिलं नव्हतं. आंबट वास तेवढा भिंतींना धरून होता. तिसरीचा वर्ग माझा, त्यामुळे तो वास माझ्या साड्यांनाही लागला आणि मी त्याबद्दल महिनाभर कुरकुर केली.

निधी मिळायचा तर शाळेतल्या सगळ्या शिक्षकांनी करार करायचा होता. तीन वर्षं बदली मागायची नाही, रोज एक तास जास्त शिकवायचं, आणि दर फेब्रुवारीत बाहेरचे साहेब येऊन पटावरच्या प्रत्येक मुलाला उतारा वाचायला लावतील त्यात ठरल्याइतकी मुलं पास व्हायला हवीत. झाली तर पत्रे, पाण्याची टाकी आणि मुलांच्या जेवणाचे पैसे. नाही झाली तर शाळा बंद करून मुलं पलीकडच्या गावाच्या शाळेत घालणार. पलीकडचं गाव म्हणजे ओढा ओलांडून तासभराची वाट. मुलगे गेले असते, मुली घरी बसल्या असत्या हे कुणी सांगायची गरज नव्हती.

आम्ही चौघं शिक्षक. हेडमास्तर निवृत्तीला आलेले, त्यांनी न वाचताच सही केली. माझा नवरा आणि मुलगी गेवराईला, आणि त्या वर्षी बदलीत माझा नंबर लागणार होता, तरी मी सही केली. पहिलीचे मास्तर गावातलेच, त्यांचा प्रश्न नव्हता. अडला तो दुसरीचा मास्तर, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा. त्याचे वडील लातूरकडे अंथरुणाला खिळलेले. त्याला मी तीन दिवस समजावलं. "तुमी थांबलात तर शाळा ऱ्हाईल," असं मी त्याला म्हणाले. तो थांबला. माझ्या शब्दावर थांबला, हे त्याने मला पुढे ऐकवलंच.

आता खरी अडचण. दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव ऊस तोडायला जातं. पूर्वी जवळच्या सहकारी कारखान्यावर जायचे, मधूनअधून एखादं पोर घरी आणून सोडायचे. पण दुष्काळात आमच्याकडे ऊसच नव्हता, त्या कारखान्याचं धुराडं थंड पडलेलं, आणि मुकादमाचे ट्रक पार कोल्हापूरच्या पलीकडे जायला लागले. आईबापांबरोबर पोरंही जात. त्यांना मागे ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृह असतं. नावाला वसतिगृह, खरं म्हणजे मूल झोपतं आजी-आजोबांकडे आणि दोन वेळा जेवतं शाळेत. आमच्या शाळेला वीस जागा मंजूर झाल्या. जाणाऱ्यांपैकी सव्वीस मुलांची नावं आली.

नियम साधा होता. ज्याच्या घरी मागे सांभाळणारं माणूस आहे ते मूल आधी घ्यायचं. मी आणि हेडमास्तर दूध संस्थेच्या खोलीत यादी करायला बसलो. पाचसहा नावं झाल्यावर हेडमास्तर चष्मा पुसत म्हणाले, "बाई, ह्यो वाचतो का?" मी म्हणाले, वाचतो. "आन् ही?" त्या मुलीचं नाव सोडून मी पुढचं वाचलं. तेवढ्यात आम्हाला दोघांनाही कळून चुकलं की आपण काय करतोय. जे मूल जातं त्याला हमी कार्ड द्यायचं, म्हणजे तिकडच्या शाळेत त्याला बसवून घेतात, आणि आपल्या पटावरून त्याचं नाव कमी होतं. नाव कमी झालं की फेब्रुवारीत त्याला कुणी उतारा वाचायला लावणार नाही. वाचणारी ठेवायची, न वाचणारी जाऊ द्यायची. कुणी तसं तोंडाने म्हटलं नाही. आम्ही नुसती नावं लिहीत गेलो.

ती मुलगी माझ्या वर्गातली, तिसरीतली. काना-मात्रा आला की अडायची. 'घर' वाचायची, 'घोडा' आला की माझ्या तोंडाकडे बघायची. मठ्ठ नव्हती. दरवर्षी दिवाळीला जायची आणि गुढीपाडव्याला यायची, तोवर शिकलेलं सगळं उसाच्या फडात राहिलेलं असायचं. पण त्या सालच्या पावसाळ्यात, म्हणजे न झालेल्या पावसाळ्यात, ती खुरपणीलाही कुठे गेली नव्हती, रोज शाळेत येत होती आणि अक्षरं जोडायला लागली होती. अजून चार महिने मिळाले असते तर वाचली असती. हे मला माहीत होतं, आणि चार महिन्यांनी फेब्रुवारी येतो हेही माहीत होतं. चुकून नाहीच वाचली तर, एवढ्या एका विचाराने मी तिचं नाव लिहिलं नाही.

तिची आजी शाळेत आली. उन्हातून चालत आलेली, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. म्हणाली, "बाई, ही माज्यापशी ऱ्हाते म्हणती औंदा. माय म्हणती धाकलं लेकरू सांबाळाया ही पायजे, फडावरच्या कोपीत. म्या म्हनलं बाईला इचारते. तुमी नाव घेतलं तर मायचं काय चालतंय."

मी म्हणाले, "आजी, जागा संपल्या."

जागा संपल्या नव्हत्या. दोन रिकाम्या होत्या. त्या आम्ही वस्तीवरून येणाऱ्या दोन हुशार मुलांसाठी धरून ठेवल्या होत्या. आजीने मला एका शब्दाने उलटं विचारलं नाही. "बरं," म्हणाली आणि निघाली. मी हमी कार्ड नीट लिहिलं, अक्षर माझं चांगलं आहे, आणि मुलीला समजावलं की कारखान्याजवळ शाळा असेल तिथे हे दाखव. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं. ट्रक निघाला तेव्हा मी मुद्दाम बाहेर आले नाही.

फेब्रुवारीत आमची शाळा पास झाली. साहेबांनी पाठ थोपटली. तालुक्याला बोलावून आम्हा चौघांना शाल आणि नारळ दिला. पत्रे आले, टाकी आली. टँकर आला की वर्ग सोडून घागरी घेऊन पळणारी पोरं आता शाळेतच पाणी प्यायला लागली. मला आनंद झाला, हे लपवून काय करू. तोही खराच होता.

गुढीपाडव्याच्या सुमाराला ती परत आली. दोन्ही हातांवर उसाच्या पात्यांचे बारीक ओरखडे. तिला मी विचारलं, शाळा होती का तिकडे. "व्हती बाई, पर लांब व्हती. भाऊ कडंवर घिऊन कुठं जाऊ." मग मी पाटीवर 'घोडा' लिहिलं. तिने पाटीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी पाटी पुसून टाकली आणि घरी येऊन रडले. रडून कुणाचं काही भलं होत नाही, पण रडले.

जूनमध्ये ती चौथीत गेली आणि मी हट्टाने तो वर्ग मागून घेतला. दिवाळी जवळ आली, पुन्हा यादी आली, जागा पुन्हा वीसच. मी पहिलं नाव तिचं लिहिलं. हेडमास्तरांनी पेन खाली ठेवलं. दुसरीचा मास्तर बसल्या जागेवरून उठला. म्हणाला, "बाई, माजा बाप औंदा गेला. मी शेवटच्या दिवशी हितं व्हतो, दुसरीला बेरजा शिकवत. तुमच्या शब्दावर थांबलो. आता शाळा बंद पडली तर मी कशासाटी थांबलो, ते सांगा."

त्या वर्षी मुलं कच्ची होती, तीनचार नापास झाली असती तरी करार मोडला असता. पलीकडचं गाव, ओढा, घरी बसणाऱ्या मुली, सगळं मला दिसत होतं. आणि ती भिंतीपलीकडच्या वर्गात होती. मी वहीवर हात ठेवून बसून राहिले. हेडमास्तर म्हणाले, उद्या बघू.

शाळा सुटल्यावर ती दाराशी उभी होती. भिंत पातळ, आमचं सगळं बोलणं पलीकडच्या पोरांना ऐकू गेलं असणार. चपलेने माती उकरत ती हळू आवाजात बोलली.

"बाई, मी परीक्षेच्या दिशी येत न्हाई. आजी सांगंल बिमार हाय म्हणून. मग ऱ्हाऊ का हितं?"

आम्हा चार शिकलेल्या माणसांना जे सुचलं नव्हतं ते तिला सुचलं होतं. एखाददुसरं आजारी मूल मोजत नाहीत, हे खरं होतं. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं, परीक्षेला तू येच म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "राहा."

ती राहिली. हिवाळाभर शिकली, मन लावून. जानेवारीच्या शेवटी 'घोडा' वाचला, मग त्याच्या पुढची ओळही, अडखळत. मी हेडमास्तरांना सांगितलं की तिला परीक्षेला बसवून बघू. ते म्हणाले, "बाई, नका." आणि खरं सांगायचं तर मीही फार जोर लावला नाही.

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी पट वाचला, तिच्या नावाशी थांबले. मी म्हणाले, आजारी आहे. त्यांनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. मुलं एकामागून एक वाचत गेली. दुपारी जीप धूळ उडवत निघून गेली आणि थोड्या वेळाने ती आली, केस विंचरून, स्वच्छ फ्रॉक घालून, जेवायच्या वेळेला. दारातच थांबली.

"झालो का बाई आपण पास?"

मी हो म्हणाले, आणि तिच्यासाठी ताट घेतलं.