चपला घालून जा

आमच्या परंड्याच्या शाळेत शनिवारी सकाळची शाळा सुटली की शिक्षकखोलीत सिनेमा ओळखायचा खेळ चालतो. नियम मीच घातलेला : टाळ्या पडलेली वाक्यं चालणार नाहीत. ती रिक्षांच्या मागंसुद्धा लिहिलेली असतात. वाक्य असं हवं, की ज्यानं लिहिलं त्यालाही आता आठवू नये. ‘दूध उतू चाललंय.’ ‘टांगा मागच्या दारी लाव.’ एवढ्यावरून जो सिनेमा सांगेल तो खरा. पंच अर्थात मी. प्रश्नांची वही माझ्याकडं, खिडकीजवळची खुर्चीही माझ्याकडं. असल्या पदांना मी एरवी हसतो. पण त्या खोलीत हात असलेली खुर्ची तेवढी एकच होती.

मग गणिताच्या मॅडम बदलून आल्या. महिनाभरात त्यांचं एकही उत्तर चुकलं नाही. सहकाऱ्यांनी ठरवलं, आज सरांच्या शेवटच्या प्रश्नालाही त्या पुरून उरल्या तर वही आणि खुर्ची त्यांना. मी हसून मान्य केलं. माझ्याकडं एक वाक्य कित्येक वर्षं राखून ठेवलेलं होतं.

“ए बाबा, चपला घालून जा.”

सिनेमा मी लहानपणी इथल्याच टॉकीजमध्ये पाहिलेला. नायक रागारागानं अनवाणीच घर सोडतो, भिंतीवर वडिलांचा हार घातलेला फोटो, आणि मागून कुठून तरी हा घोगरा आवाज. मेलेला बाप बोलतो, तेही चपलांबद्दल. या आवाजावर मी एका चर्चासत्रात चाळीस मिनिटं बोललो होतो. ‘अशरीरी पितृस्वर’ हा शब्द माझाच.

मॅडमनी वाक्य एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग म्हणाल्या, “सर, हे वाक्य कुठल्याच सिनेमात नसणार. सिनेमात घर सोडणाऱ्याच्या चपलांची काळजी कोण करतं?”

मी सिनेमाचं नाव सांगितलं. त्यांनी तो मोबाईलवर लावून प्रसंग काढला. नायक निघाला, फोटो दिसला, सतार वाजली. पुन्हा लावला. पुन्हा नुसती सतार. ही प्रत कापलेली आहे, असं मी म्हणालो. इतिहासाचे सर माझ्याच वयाचे आणि इथलेच. वाक्य आपणही ऐकल्याचं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. मला धीर आला.

कप गोळा करायला आलेले आमचे शिपाईमामा थांबले.

“सर, ते आमचे वडील. टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडायचे. पोरगं उन्हात तसंच निघालं की त्यांना बघवायचं न्हाय. दर खेळाला सांगायचे. मालक लई बोलायचे, पण ऐकलं न्हाय.”

“आणि तो घालायचा का?” मॅडमनी विचारलं.

“न्हाय ना. तीन आठवडे चालला सिनेमा. एकदाबी न्हाय.”

मी वही मॅडमपुढं सरकवली आणि उठलो. चर्चासत्राच्या छापील पुस्तकाची एक प्रत माझ्या कपाटात आहे. ती मामांना द्यावी असं वाटलं. पण त्यांच्या वडिलांना मी त्यात अशरीरी म्हटलंय, हे आठवून बेत रहित केला.

पुढच्या शनिवारी नव्या पंचांनी पहिला प्रश्न तोच घातला. उत्तर मामांनी दिलं : टॉकीजचं नाव. मॅडमनी ते बरोबर धरलं. मी खुर्चीवर असतो तर नियमात बसत नाही म्हणून नक्की बाद केलं असतं.