काठावरची हाडं

व्होल्गाच्या कड्यापासून आईची कबर एकवीस पावलांवर, नवऱ्याची सतरा. अनिसा हबिबुल्लिना रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी जाऊन मोजायची. आई तातार मुसलमानांच्या भागात होती आणि नवरा वेनियामिन कुंपणापलीकडे, चुवाश ख्रिस्ती लोकांत. धरण झाल्यापासून नदी दर वसंतात काठ खात पुढे सरकत होती. नव्या स्मशानासाठी वर टेकडीवर जागा मिळाली होती, पण कागद हलत नव्हते.

"वहिनी, तुझ्या पायाला भिंगरी आहे," नणंद अग्राफेना म्हणायची. "तू मोजल्यानं नदी थांबणार आहे का?"

अनिसा चौतीस वर्षं गावची नर्स होती. दोन्ही आळ्यांतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. वेनियामिनशी लग्न केलं तेव्हा वडील तीन वर्षं बोलले नव्हते. पुढे घरात रोजेही झाले आणि ईस्टरची लाल अंडीही, आणि सगळे तिला आपाच म्हणत राहिले.

त्या एप्रिलमध्ये बर्फ वाहून गेल्यावर दोन दिवस वादळ झालं आणि कडा कोसळला. आईची आणि वेनियामिनची कबर वाचली, पण दोन्ही भागांतल्या पुढच्या रांगा खाली वाळूवर आल्या, एकमेकींत मिसळून. तालुक्याहून आलेला पोलीस हाडं जुनी असल्याचं लिहून परत गेला. लोकांनी त्यांवर ताडपत्री टाकली आणि वाद सुरू झाला.

"आपा, आमची माणसं तेवढी वेगळी काढून द्या," तरुण मुल्ला इल्नार हजरत म्हणाले. "त्यांना क्रूसाखाली कसं पुरू?"

"आमच्यांचंही तसंच," पाद्री अर्कादी म्हणाले. "पण हाडांवर नावं थोडीच असतात."

सगळे तिच्याकडे बघू लागले.

अनिसानं वाळूवर चादरी अंथरल्या. अग्राफेना हाडं पुसून देत होती. एका मांडीच्या हाडात लोखंडी पट्टी निघाली. तो मात्वेई, ट्रॅक्टरखाली सापडलेला. त्याला शहरात पाठवणारी तीच. दोघांच्या बरगड्यांत पत्र्याचे क्रूस अडकले होते, म्हणजे ते ख्रिस्ती. एका कवटीचे सोन्याचे दात तिनं ओळखले, ते शिंपीण मिनझिफाचे. बाकी नऊ कवट्या नुसत्या कवट्या होत्या. त्या तिनं तीन-तीनदा उचलून पाहिल्या.

"डावीकडच्या तुमच्या, उजवीकडच्या आमच्या म्हण आणि मोकळी हो," अग्राफेना कानाशी म्हणाली. "तुझा शब्द कोण खोडणार आहे?"

क्षणभर तिला ते पटलंही. मग ती उठून दोघांसमोर गेली.

"चार ओळखली. उरलेल्यांत कोण कुणाचं, मला माहीत नाही. खोटं सांगायचं नाहीये मला. टेकडीवर मधलं कुंपण अजून घातलेलं नाही. तिथंच एक खड्डा करा, कागद मागाहून होतील."

"वरिष्ठांना विचारावं लागेल," पाद्री दाढी खाजवत म्हणाले.

"विचारा. पण ही माणसं तीन दिवस उघड्यावर आहेत."

म्हातारा गब्द्रहीम काठी आपटत निघून गेला. त्याचे आजोबा पहिल्या रांगेत होते. एक चुवाश बाई छातीवर क्रूसाची खूण करून त्याच्यामागोमाग गेली. इल्नार हजरत पाण्याच्या कडेनं बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिले. अनिसाला बसवेना, ती धुतलेल्या चादरी पुन्हा पुन्हा झटकत होती.

शेवटी ते परतले. "किताबात सोय आहे," ते म्हणाले. "नमाज सगळ्यांसमोर पढायची, मनात नियत आपल्या माणसांची. कोण कुठला, ते अल्ला जाणतो."

"मग मीही माझ्यांसाठी म्हणतो," अर्कादी म्हणाले. "देवाला निवडता येतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ओळखलेले चौघे आपापल्या बाजूला आणि उरलेले नऊ जण मधल्या एका खड्ड्यात गेले. आधी नमाज झाली, मग धूप आणि प्रार्थना. अर्धं गाव आलं, अर्धं घरी बसलं. ऑगस्टमध्ये आईला आणि वेनियामिनलाही वर हलवलं, आपापल्या बाजूला.

"आणि तू कुठल्या बाजूला गं, वहिनी?" उतरताना अग्राफेनानं विचारलं.

"ठरत नाही," अनिसा म्हणाली आणि भरभर पुढे चालू लागली.

गब्द्रहीम दोन वर्षं तिच्याशी बोलला नाही. रक्तदाब तपासायला मात्र दर सोमवारी यायचा. हात पुढे करायचा आणि तोंड खिडकीकडे फिरवून बसायचा.