सुतकातली गैरहजेरी

बाबा गेल्याचा फोन आला, त्याच आठवड्यात मला एका कोर्सला हजर व्हायचं होतं. जर्मनीत झिंडेलफिंगेनमधली माझी इंजिनिअरची नोकरी मंदीत गेली त्याला दीड वर्ष होत आलं होतं. बेकारभत्त्यावर जगत होतो, आणि नोकरीचा अर्ज कसा लिहावा हे शिकवणारा हा कोर्स भत्ता देणाऱ्या सरकारी कचेरीनं, जॉबसेंटरनं, माझ्या गळ्यात मारला होता. शेकड्यांनी अर्ज लिहून बसलेल्या माणसाच्या.

लगेच पुण्याला जायला तिकिटाचे पैसे नव्हते. अग्नी धाकट्या भावानं दिला. आईला म्हटलं, जमवाजमव करून दोन महिन्यांत येतो. आणि इथे एका खोलीत दहा दिवस सुतक धरून बसलो. सतरंजीवर झोपलो, एकवेळ वरणभात खाल्ला. बाबांसाठी करण्यासारखं तेवढंच हातात उरलं होतं. कोर्सवाल्यांना कळवायला हवं, हे डोक्यातच आलं नाही. खरंच नाही. आपल्याकडे सुतकाची रजा कोण मागतं? दहा दिवसांनी माणूस डोकं भादरून कामावर आला की साहेब स्वतः उठून जवळ येतो, आणि हजेरीचं काय करायचं ते कारकून बघून घेतो.

अकराव्या दिवशी मीही डोकं भादरून तसाच जॉबसेंटरला गेलो. टेबलापलीकडच्या बाईंनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे.

"वडील वारले," मी म्हणालो.

"ऐकून वाईट वाटलं. अंत्यसंस्काराला गेला होतात?"

"नाही."

"मग आजारी होतात?"

"नाही. घरीच बसून होतो."

"तर मग," त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे येता आलं असतं."

सुतक समजावायला तोंड उघडलं, तर माझ्या जर्मनमधून एवढंच निघालं, की कोणी गेलं की आम्ही घरी बसतो, नवीन काही सुरू करत नाही. त्यांनी ते जसंच्या तसं टाइप केलं. आठवड्याभरात पत्र आलं. कारण सबळ नाही, तीन महिने भत्त्यात तीस टक्के कपात. पोटदुखीची चिठ्ठी आणली असती तर चाललं असतं, बापाचं मरण चाललं नाही. बाई दुष्ट नव्हत्या, याचाच मला जास्त संताप आला. भांडायला समोर कोणीतरी हवं होतं.

तिकिटासाठी मागे टाकलेलं सगळं त्या तीन महिन्यांत पोटात गेलं. बटाटे उकडता उकडता मी एकदा मोठ्यानं रडलो.

नोकरी गेल्याचं मी घरी कधी सांगितलंच नव्हतं.

"कधी येतोस रे?" आईनं फोनवर विचारलं.

"सुट्टी मिळत नाहीये, आई."

ती म्हणाली, "नको येऊस. काम सांभाळ. हे शेवटपर्यंत सगळ्यांना तेच सांगत होते, पोराला तिकडे श्वास घ्यायला फुरसत नाही."