कोणती एसएसडी चालेल?

माझा लॅपटॉप दहा वर्षांचा आहे. तो सुरू होईपर्यंत माझा चहा करून, पिऊन, कप विसळूनही होतो. जुन्या हार्ड डिस्कऐवजी त्यात वेगवान एसएसडी टाकावी म्हणून मी मुलाला विचारलं, आणि तिथून ही भानगड सुरू झाली.

मुलगा बेंगळुरूला असतो, दर रविवारी सकाळी फोन करतो. ही गेल्यापासून सुदामा नगरच्या घरात मी एकटाच, त्यामुळे सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसतं. जेवण, औषधं, हवा. तीन मिनिटांत आटपतं. पण एसएसडीचं विचारलं त्या रविवारी तो चक्क चाळीस मिनिटं बोलला. मॉडेल नंबर पाहा, मागचं झाकण उघडा, फोटो पाठवा. मला सणासारखं वाटलं.

खरं तर त्याच आठवड्यात मला उत्तर मिळालं होतं. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याने झाकण उघडून आतला स्लॉट दाखवला. "सरजी, इसमें सॅटा वाली ही लेना. एनव्हीएमई लग तो जाएगी, पर मशीन को दिखेगी नी." एसएसडीच्या या दोन जाती, पट्ट्या दिसायला जवळपास सारख्याच, पण माझ्या जुन्या मशीनला एकच ओळखता येते. घरी येऊन मी मॅन्युअलही वाचलं. तेच लिहिलं होतं.

तरी पुढचे पाच रविवार मी अडाण्याचं सोंग घेतलं. लांबी किती हवी? स्क्रू कुठला? जुना डेटा कसा न्यायचा? उत्तरं मला पाठ होती. तो समजावत राहायचा, मी "अच्छा, अच्छा" करत राहायचो. मध्येच त्याच्या ऑफिसातलं काही निघायचं. एकदा तर त्याने आपणहून आईचा विषय काढला.

सहाव्या रविवारी तो म्हणाला, "बाबा, एनव्हीएमई वाली सिलेक्ट केली आहे. एकदम फास्ट. आत्ता ऑर्डर करून टाकतो."

मी गप्प बसायला हवं होतं. ती आली असती, चालली नसती, आणखी चार रविवार निघाले असते. पण तीस वर्षं फिजिक्स शिकवलेल्या माणसाला चुकीचं उत्तर ऐकवत नाही. ही खोड मेल्यावरच जाणार. मी म्हटलं, "अरे, त्या स्लॉटला फक्त सॅटा चालते. आधी नीट पाहायचं नाही का?" आणि तिथेही थांबलो नाही. खाचा, लांबी, स्क्रू, सगळं वर्गात सांगावं तसं सांगून टाकलं.

तो हसला. "बाबा, तुम्हाला तर सगळंच येतं. मी फालतू टेन्शन घेत होतो. चला, मग तुम्हीच मागवून घ्या." आवाजात कौतुक होतं आणि सुटकाही होती. मला ती सुटका लागली.

एसएसडी मीच मागवली, मीच बसवली. लॅपटॉपला ती पहिल्या फटक्यात दिसली. रविवारी सकाळी स्क्रीनचा फोटो काढून मुलाला पाठवला आणि फोनजवळ बसून राहिलो. तासाभराने उत्तर आलं. नुसता एक अंगठा.