मशीनचा एक जून

काष्टीच्या बाजारात गनीभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मोबाईलनं ते गिळलं, तसे ते सुप्याला राहायला आले आणि एमआयडीसीत हजेरीची मशीनं दुरुस्त करत फिरू लागले. आमच्या कंपनीत मी स्टोअर सांभाळतो, तिथं ओळख झाली. माणूस काटेकोर. कुठलंही घड्याळ उघडायच्या आधी चिठ्ठीवर दोन्ही वेळा लिहिणार: घड्याळ काय म्हणतंय आणि खरे किती वाजलेत. वडिलांनी लावलेली सवय. साधा सेल बदलायचा असला तरी हा सोहळा व्हायचाच. मी कितीदा वैतागलो असेन.

त्या मंगळवारी सकाळी लाईट गेली. मशीनमधला सेल आधीच मेलेला, त्यामुळे लाईट आल्यावर मशीन सगळं विसरून नव्यानं सुरू झालं. बाकीचे कामगार कंपनीच्या बसनं आले, बसच्या वहीत त्यांची वेळ होती. पॅकिंगमधली रुपाली तेवढी वडापच्या जीपनं येते, तिथं वही नसते. तिच्या अंगठ्यापुढं मशीननं लिहिलं: १ जानेवारी १९७०, ५ वाजून ४३ मिनिटं.

आमच्याकडचा नियम असा, की ज्याची वेळ कळत नाही तो उशिरा आला. महिन्यात तीनदा उशीर झाला की गेट बंद, म्हणजे नोकरी गेली. रुपालीचे दोन आधीच झाले होते.

"मी आठच्या आत आल्ते," ती म्हणाली. "एकोनीसशे सत्तरला माझी आयपन जल्मली नव्हती, सायेब."

"मशीन काय म्हणतं ते मी बघणार," ऑफिसचा हर्षल म्हणाला. पोरगं वाईट नाही, पण नियमापलीकडं त्याची नजर जात नाही. रुपाली ओढणीचं टोक पिळत उभी राहिली. घरात कमावणारी ती एकटीच, हे मला माहीत होतं आणि मी गप्प होतो, याची लाज वाटते.

गनीभाई सेल बदलून हत्यारं आवरत होते. ते म्हणाले, "हर्षलभाऊ, माझी जल्मतारीख एक जून हाय. वर्गातल्या निम्म्या पोरांची एक जूनच. मास्तरला ठावं नसलं की तो एक जून लिवायचा. त्या तारखेला आमी जल्मलो न्हाई, पन पुढची समदी मोजनी तिथून झाली. ह्ये मशीनचा एक जून हाय."

मग त्यांनी सांगितलं, आणि मी स्टोअरची चावी हातात धरून ऐकतच राहिलो. त्यांची लेक सबिहा पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते, तिच्याकडून त्यांना कळलेलं. मशीनला वार, महिना, साल काही माहीत नसतं. ते एका ठरवलेल्या क्षणापासून नुसते सेकंद मोजतं. बहुतेकांचा तो क्षण म्हणजे १९७० सालच्या पहिल्या दिवसाची, जागतिक वेळेची मध्यरात्र. तेव्हा आपल्याकडं पहाटेचे साडेपाच, म्हणून मशीन साडेपाचापासून सुरू झालं. कुणी १९८० पासून मोजतं, कुणी २००० पासून. आजवर पावणेदोनशे कोटींच्या वर सेकंद झालेत. माझं लग्न, आईचं जाणं, सगळं त्या एका आकड्यात कुठंतरी आहे.

"पन मोजताना ते चुकत न्हाई," गनीभाई म्हणाले. "फकस्त सुरुवात चुकली." त्यांनी खिशातून सकाळची चिठ्ठी काढली. मशीन: ८.१०. खरे: १०.२२.

फरक दोन तास बारा मिनिटांचा. हर्षलनं मोबाईलवर बेरीज केली. पाच त्रेचाळीसमध्ये दोन बारा मिळवले. सात पंचावन्न. मग मशीन जिथून सुरू झालं त्या साडेपाचात मिळवून पाहिले, सात बेचाळीस. गेटवरच्या वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, लाईट पावणेआठाच्या आसपासच आली. हर्षलनं उशिराची खूण खोडली. ज्या चिठ्ठीवर मी वैतागायचो, तिनं एका बाईची नोकरी वाचवली होती.

रुपालीनं डोळे पुसले. जाता जाता तिनं विचारलं, "चाचा, मंग असा फरक काडून तुमचा खरा जल्मदिवस बी सापडंल की."

गनीभाई मनगटावरच्या घड्याळाला चावी देत होते. ते थांबले.

"न्हाई, बेटा," ते म्हणाले. "त्या दिवशी माझी चिठ्ठी कुनी लिवली न्हाई."