बेडकाच्या पाठीवरचं ठिगळ
गार दुधावर सुरकुतलेली साय दिसली की मला विद्यापीठातली बेडकांची खोली आठवते. शेवाळाचा आणि त्यांना घातलेल्या शिळ्या कलेजीचा वास वाळूजला घरी पोचले तरी ओढणीला यायचा. एका भुरक्या बेडकाच्या पाठीवर आम्ही दुसऱ्या बेडकाच्या काळ्या कातडीचं ठिगळ बसवलं होतं. त्याच्या रक्तातल्या मारेकरी पेशी ही परकी कातडी खपवून घेतात का, एवढंच बघायचं होतं. एका सकाळी ठिगळ गायब. "पेशींनी फस्त केलं," मी म्हणाले. "एका रात्रीत नाय होत तसं. बेडूक कात टाकतो आणि स्वतःच खातो. ठिगळ सैल असेल तर त्याबरोबर तेही गेलं असेल. पोट धुऊन बघ," माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या. मी नळीनं त्याच्या पोटात पाणी सोडलं आणि लाळेच्या तारांसोबत ते ठिगळ माझ्या बोटांवर आलं, गिळगिळीत, अगदी सायीसारखं. मॅडमनी ते उघड्या हातानं उचललं आणि खूश होऊन म्हणाल्या, "बघ, पेशींनी हातही लावला नाय." परत पाण्यात सोडल्यावर बेडकानं अंगावरची उरलेली कात दोन्ही हातांनी तोंडात कोंबली आणि डोळे मिटून गिळली. माहेरी गेले की आई अजून वाटीभर साय पुढं करते. "तुझ्यासाठीच ठेवली, तुला लई आवडते ना." मी डोळे मिटून गिळते.