सांगेल तेच लिहायचं

निवृत्त झाल्यावर लोकांना देव आठवतो, मला समाजसेवा आठवली. बायको म्हणाली, "तुमच्यानं व्हायचं नाय. तुम्ही माणसाकडं आधी चोर म्हणून बघता, मग नमस्कार करता." तिचं खोटं नव्हतं. माझी सगळी नोकरी बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेली. मधल्याच थांब्यावर चढायचं आणि झोपेचं सोंग घेतलेला माणूस हुडकायचा, हेच काम. ती नजर नोकरी सुटली तरी सुटत नाही.

त्यात सेवेचा बाजारही असा, की संशय यायलाच हवा. भाच्यानं मोबाईलवर परदेशातली जाहिरात दाखवली. कुठल्याशा बेटावर जाऊन कासवांची अंडी राखायची. राबायचं आपण आणि विमानापासून जेवणापर्यंतचा खर्चही आपलाच. मी म्हटलं, "कासवांना विचारलंय का कुणी?" मग दौलताबादच्या रस्त्याला एका टेकडीवर झाडं लावायला गेलो. खड्डे आयतेच तयार होते. शेजारचा माणूस सहज बोलून गेला, "गेल्या साली बी हेच खड्डे होते." बजाजनगरला कामगारांच्या पोरांसाठी वर्ग होता, तिथं तर मला पोरांकडं नाही, कॅमेऱ्याकडं बघून शिकवायला सांगितलं. मी चहा न घेताच निघालो.

शेवटी वाचनालयात एक कागद चिकटवलेला दिसला. अंध विद्यार्थिनीला परीक्षेसाठी लेखनिक हवा. म्हणजे ती तोंडी सांगणार आणि आपण लिहायचं. खाली ठळक अक्षरात होतं, पदवीधर नको. माझे कान टवकारले. कमी शिकलेला माणूस मुद्दाम शोधताहेत म्हणजे नक्की काहीतरी भानगड. चौकशी केली तर तो नियमच निघाला. लिहिणारा परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला हवा, म्हणजे तो पदरची उत्तरं घुसडत नाही. माझं बी.ए. दुसऱ्या वर्षीच सुटलं होतं. त्यावरून सासुरवाडीत जन्मभर टोमणे खाल्ले. आज तीच माझी लायकी ठरली.

मुलगी पडेगावात आईबरोबर राहायची. बी.ए.चं शेवटचं वर्ष, विषय इतिहास. मी चार प्रश्न मनात धरून गेलो होतो, पण विचारायला सुरुवात तिनंच केली.

"काका, नोकरीत लोकांचं बोलणं लिवून घ्यायचे का तुम्ही?"

"घ्यायचो की. विनातिकीट सापडला की जबाब घ्यायचा, त्याच्याच शब्दांत. तिकीट बकरीनं खाल्लं म्हणाला, तर बकरीनं खाल्लं असंच लिहायचं."

ती हसली नाही. "मंग घ्या. वेरूळचं कैलास लेणं निजामानं खोदून घेतलं."

माझं पेन थांबलं. ही इतिहासाची विद्यार्थिनी? कुठंतरी पाणी मुरत होतं. पण हाताला सवय जबाबाची, लिहून टाकलं. तिनं शेजारच्या बाईला हाक मारली आणि तो कागद तिच्याकडून वाचून घेतला. वाक्य जसंच्या तसं ऐकल्यावर म्हणाली, "तुम्ही चालताल."

मी तापलो. "माझीच परीक्षा घेतेस? विश्वास नाही?"

"कुणावरच नाय," ती म्हणाली. "मागल्या बारीला लिवणाऱ्या ताई लई मायाळू होत्या. म्या काय बी सांगू, त्या चांगलं करून लिवायच्या. कॉलेजात पहिली आले. आईनं पेढे वाटले. मला तो पेढा गिळवना. या बारीला पास होऊ नायतर नापास, ते माझं पाहिजे."

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी तिला पुस्तक वाचून दाखवू लागलो. वाचता वाचता निम्मं पुस्तक मलाच पाठ झालं, आणि तिथंच घोटाळा झाला.

परीक्षेला आम्हाला वेगळी खोली मिळाली. पर्यवेक्षक माझ्या खांद्याशी उभे. त्यांची नजर मी ओळखली. माझीच होती ती. प्रश्न आला, सर्फ-ए-खास म्हणजे काय? पुस्तकात स्वच्छ होतं, निजामाच्या स्वतःच्या मालकीचा मुलूख. सरकारी मुलूख त्याहून वेगळा. ती म्हणाली, "सर्फ-ए-खास म्हणजे सरकारची जमीन."

आमच्याकडं जुनी माणसं निजामालाच सरकार म्हणायची. तिला तेच म्हणायचं होतं, हे मला कळत होतं. पण तपासणारा सरकार म्हणजे सरकारच धरणार आणि फुली मारणार. एकच शब्द बदलायचा होता. 'निजामाची' लिहिलं असतं तर तो तिचाच अर्थ होता की! मग वाटलं, त्या मायाळू ताईंनीही पहिला शब्द असाच बदलला असेल. मी 'सरकारची' लिहिलं आणि पुढं सरकलो.

बाहेर आल्यावर मात्र राहवलं नाही. 'सरकारची' या शब्दावर फुली बसणार, हे तिला सांगून टाकलं. ती जिन्यातच थांबली.

"आमचा आजा निजामालाच सरकार म्हणायचा."

"माहीत होतं मला."

"तरी सरकारच लिवलं?"

"सरकारच लिहिलं."

"पेपर तर गेला. आता कुणाकडून वाचून घेऊ?" ती म्हणाली. "मी कसं मानू?"

मी खिसे चाचपले. का चाचपले, देव जाणे. उभ्या नोकरीत मी लोकांना एकच म्हणत आलो, दाखवा. आता दाखवायला माझ्याजवळ काही नव्हतं.

"बदलू वाटलं व्हतं का?" तिनं विचारलं.

"लई वाटलं."

"बदललं असतं, तर हे तुम्ही मला सांगितलंच नसतं," ती म्हणाली. "चला काका, बस जाईल."

माझ्या नुसत्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला होता, आणि तो कसा घ्यायचा असतो हेच मला माहीत नव्हतं.